खंडेनवमीचं पाणी

चिमाबाईनं कॉम्प्युटर धुतला.

ज्याला हसायचं त्यानं आत्ताच हसून घ्यावं. शहराच्या कडेच्या शेळगीत त्यांच्या गल्लीतले सगळे हसले. पण म्हातारीचं चुकलं काय ते एकानंही सांगितलं नाही. खंडेनवमीला घरातलं हत्यार-अवजार धुऊन पुजायचं, हे चिमाबाई सांगोल्याकडच्या आपल्या गावात सत्तर वर्षं करत आली. विळा धुतला, कोयता धुतला, कुऱ्हाड, हातोडी धुतली. मेंढरं विकून बारा वर्षं झाली तरी लोकर कातरायची कात्री तिनं शहरात आणली होती, तीही धुतली. सुनेचं शिलाई मशीन पुसलं. पोराची मोटारसायकल पाइप लावून धुतली. मग तिच्या ध्यानात आलं की घरात अजून एक यंत्र आहे आणि घरात आल्यापासून त्याला कुणी पाणी दाखवलेलं नाही.

तिनं तारा उपटल्या. डबा कडेवर घेऊन अंगणात आणला. बाजूचं झाकण सरकवलं तर आत धुळीच्या जटा. तिनं पाइप लावला, नारळाच्या शेंडीनं कोपरान्‌कोपरा घासला, दुपारभर उन्हात वाळवला आणि हळदकुंकू वाहून झेंडूचं फूल ठेवलं. संध्याकाळी तिचा पोरगा बापूसाहेब टेम्पो लावून घरी आला. डबा लखलखीत दिसला म्हणून त्यानं तो आत नेला, तारा जोडल्या आणि त्याचा धाकटा उदयसिंह शेजारी उड्या मारत असताना बटण दाबलं.

फट्‌ असा एक आवाज आला. मग जळल्याचा वास.

सून विजयमाला तेव्हा कारखान्यात होती. दिवाळीच्या आधी टॉवेलच्या ऑर्डरी असतात, त्यामुळे सणालाही शिफ्ट. ती आठ वाजता आली तेव्हा नवरा, पोरगा आणि सासू तिघंही कॉम्प्युटरकडं बघत उभी होती.

"काय झालं?" ती म्हणाली.

"आयनं धुतला," बापूसाहेब म्हणाला.

"मशीन हाय का न्हाय ती?" चिमाबाई म्हणाली. "मग धुवायला नगं? मोटारसायकल धुतली ती चालती की."

 चप्पल न काढता विजयमाला डब्यापुढं फरशीवर बसली. झेंडूचं फूल अजून त्याच्या डोक्यावर होतं. ते तिनं उचलून बाजूला ठेवलं. तिला रडू आलं नाही, रागही आला नाही. कॉम्प्युटरला ती काही देवासारखं मानत नव्हती. पण त्या डब्यात संस्कृती होती.

संस्कृती ही तिची थोरली. पाच वर्षांपूर्वी भादव्यात गेली, अकराव्या वर्षी, डेंग्यूनं. ताप आला तो पावसाळ्यात येतोच म्हणून गोळी दिली. तिसऱ्या दिवशी अंगावर पुरळ उठलं. चौथ्या दिवशी नेली, तोवर डॉक्टरच्या हातात काही उरलं नव्हतं. त्याच आठवड्यात उदयलाही दोन शिंका आल्या होत्या. त्याला पहिल्याच दिवशी दाखवून आणलं होतं. येताना थोरलीसाठी गोळी आणली होती, तीच ती.

हे घरात कधी कुणी बोललं नाही. बोलायची गरजच काय, सगळ्यांना माहीत होतं.

कुमारी पोर म्हणून गावाकडं नेऊन पुरली. दप्तर, वह्या, शाळेचं फोटो असलेलं ओळखपत्र, सगळं तिच्याबरोबर ठेवलं. "पोरीचं तिला दिऊन टाकावं, घरात ठिवू नये," असं चिमाबाई म्हणाली आणि सगळ्यांनी ऐकलं. भिंतीवर फोटोही लावला नाही. गेलेल्या लेकराचा फोटो टांगला तर जीव घुटमळतो म्हणतात. विजयमालानं मान डोलावली होती. तिला वाटलं, नसू दे भिंतीवर, कॉम्प्युटरमध्ये आहे की. कणगीत दाणे आहेत म्हणजे आहेत, रोज झाकण काढून कोण बघतं? तिनं पाच वर्षं ते झाकण काढलं नाही. काढायची छाती झाली नाही, हे खरं.

आणि ह्या श्रावणात एक दिवस टॉवेलचा कोपरा मशीनखाली सरकवता सरकवता तिच्या लक्षात आलं की पोरीचा चेहरा येत नाही.

फ्रॉक आठवत होता, निळा. पायाला भेगा पडायच्या त्या आठवत होत्या. मनगटाला आजीनं वळून बांधलेला काळ्या लोकरीचा दोरा आठवत होता, गाठ कुठल्या बाजूला होती तीसुद्धा. पुढचा एक दात तुटला होता, पण डावा का उजवा? तिथं आलं की चेहऱ्याच्या जागी काही नाही. आधार कार्डावरचा फोटो काढून बघितला. पाच वर्षांची असतानाचा, काळपट, कुणाचंही पोर असावं असा. शाळेच्या ग्रुप फोटोला पैसे मागितले होते, ते पुढच्या वर्षी देऊ म्हणून राहिले होते. पाहुण्यारावळ्यांना विचारून झालं. सगळ्यांनी मोबाईल बदललेले.

दिवाळी झाली की कॉम्प्युटर उघडायचा, असं तिनं ठरवलं होतं. त्याआधी खंडेनवमी आली.

*

नव्या पेठेत एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर शिवयोगीचं दुकान होतं. पन्नाशीचा माणूस, कपाळाला भस्म, डोळ्याला भिंग लावलेलं. भिंतीला एकावर एक हार्ड डिस्का रचलेल्या, भंगाराच्या दुकानात असतात तशा. विजयमालानं डबा पिशवीतून काढून टेबलावर ठेवला.

"पाणी गेलंय," त्यानं बघताच ओळखलं. "पूर आला का घरात?"

"न्हाय. धुतला."

"काय केला?"

"सासूनं धुतला. खंडेनवमीला."

शिवयोगीनं भिंग काढलं. "साबण लावला का नुसतं पाणी?"

"नुसतं पाणी."

"मग वाचलात की अक्का. मागच्या साली एकानं लॅपटॉपवर नारळ फोडला. पाणी आत, आणि खोबरं पण आत. त्याच्यापुढं तुमच्या सासूबाई हुशार म्हणायच्या."

विजयमाला हसली नाही. त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि स्क्रू काढायला लागला. डब्यातून त्यानं वहीएवढी चपटी लोखंडी पेटी बाहेर काढली. तिच्या पोटाला हिरवी पाटी होती, त्यावर एक काळा डाग.

"फोटो, हिशोब, जे काय असेल ते ह्याच्यात. आत तबकड्या असतात. तिथपर्यंत पाणी जात नाही. ही खालची पाटी जळलीय, बस. असलीच दुसरी पाटी पायजे, त्याच कंपनीची, त्याच नंबरची. जुन्या पाटीवरची एक बारकी चिप काढून त्या पाटीवर लावायची. ती चिप दुसऱ्याची चालत नाही. ज्याची त्यालाच."

"पाटी मिळंल?"

"शोधावी लागेल. भंगारात मिळतात. पंधरा दिवस, महिना." त्यानं डाग नखानं खरवडला. "चालू कुणी केला?"

"मालकानं."

"पाण्यानं नाही मेली ही. बटण दाबल्यानं मेली. आठ दिवस वाळू दिली असती तर काय झालं नसतं." त्यानं डिस्कवर चिकटवायला कागद घेतला. "आतलं काय काय पायजे?"

"एक फोटू."

"एकच?"

"पोरीचा. समोरनं पायजे. तोंड दिसलं पायजे."

"पोरगी कुठं असते?"

"न्हाय ती."

शिवयोगीनं पेन उचललं. कागदावर लिहिलं, 'शेळगी. मुलगी. समोरून.' आणि तो डिस्कला चिकटवला.

*

पुढचे पंचवीस दिवस घरात चिमाबाई अर्धीच भाकरी खायला लागली. विजयमाला कामाला निघाली की दारात येऊन उभी राहायची. एक दिवस बोललीच.

"विजे, आलं का गं सापडून?"

"पाटी मिळंना झालीय, आत्याबाई."

"मी पाणी घातलं गं. पोरीवर मी पाणी घातलं."

"खावा भाकरी. निवतीया."

दुसरं काय बोलायचं? विजयमालाला खरंच आतून काही वाटत नव्हतं. दुखरं बोट इतके दिवस बांधून ठेवलेलं असावं की सोडल्यावर ते आपलं वाटू नये, तसं. ती सकाळी उठायची, डबे करायची, दुपारी मशीनवर बसायची. टॉवेलाला चार कोपरे असतात. चारी दुमडायचे, शिवायचे, पुढचा घ्यायचा. दिवसाला सहाशे. फक्त कधी दात आठवायचा. डावा का उजवा?

 डिस्क पाण्यानं नाही, बटण दाबल्यानं मेली, हे बापूसाहेबाला विजयमालानं सांगितलं नव्हतं, तरी त्याला कळलं असावं. तो टीव्हीचं बटणसुद्धा उदयला दाबायला लावायचा.

कार्तिकात फोन आला.

"अक्का, पाटी मिळाली. डिस्क फिरायला लागली. पण एक अडचण आहे, या समोरासमोर."

अडचण अशी होती की डिस्क फिरली, पण सुरुवातीचाच भाग खराब झाला होता. "पुस्तकाची अनुक्रमणिका फाटली समजा," शिवयोगी म्हणाला. "पानं आहेत. पण कुठलं पान कुठल्या साली, कुठल्या फोल्डरात, नाव काय, हे सगळं गेलं. नुसते नंबर आलेत. साडेनऊ हजार चित्रं आहेत. तुमची पोरगी मी ओळखत नाही. तुमालाच बसावं लागेल."

त्यानं टेबलाच्या कडेला एक स्टूल ठेवलं, माऊस तिच्या हातात दिला. "हे दाबलं की पुढचं."

ती शिफ्टच्या आधी रोज सकाळी दोन तास बसायला लागली.

पहिल्या दिवशी दोन हजार चित्रं झाली. त्यात गुलाबाच्या फुलांवर शुभ सकाळ, ढगांवर शुभ सकाळ, चहाच्या कपावर शुभ सकाळ. कुठल्या कुठल्या साहेबांचे वाढदिवसाचे फ्लेक्स. बिरोबा, खंडोबा, स्वामी समर्थ. टेम्पोच्या विम्याचे कागद. आणि मधे मधे उदय. उदयचं बारसं. उदयचं जावळ. उदय पाळण्यात, उदय मोटारसायकलच्या टाकीवर, उदय गावाकडं कोकराला धरून, उदय केकपुढं, उदय दुसऱ्या केकपुढं.

"हा कोण?" शिवयोगीनं मान न वळवता विचारलं.

"पोरगा."

"छान आहे की."

दुसऱ्या दिवशी कोपर दिसलं.

उदय चटईवर पालथा पडलाय, मुठीत खुळखुळा, आणि चित्राच्या डाव्या कडेला एक कोपर. निळा फ्रॉक. विजयमालानं माऊस सोडला. बराच वेळ ती त्या कोपराकडं बघत राहिली. मग पुढचं दाबलं.

मग तुकडे यायला लागले. वेणीचं टोक. केकच्या मेणबत्तीपलीकडं अर्धा कान. उदय पहिली पावलं टाकतोय आणि मागं, लांब, मोरीपाशी भांडी घासत बसलेली एक पाठ. फरशीवर पडलेली सावली. एका फोटोत ती पुरी उभी होती, पण तेवढ्यात भावाची टोपी सरळ करायला वाकलेली. चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरट ओघळ.

आणि काही चित्रं अशी की वरचा भाग ठीक आणि खाली करडा रंग, सिमेंटच्या भिंतीसारखा.

"हे करडं काय हाय?" तिनं विचारलं.

"तेवढं वाचता आलं नाही डिस्कला."

"त्याच्यात आसंल ती."

"असेल."

"काढा की मग."

शिवयोगीनं कितीतरी वेळा ती डिस्क त्याच त्याच जागी वाचायला लावली. तिसऱ्या दिवशी ती आली तेव्हा सत्तरातली चाळीस करडी चित्रं त्यानं पुरी करून ठेवली होती. विजयमाला बसली. एकेक उघडलं. सिमेंट गेलं होतं. सिमेंटच्या जागी उदयचे पाय होते. उदयची सायकल. उदयची पाटी-पेन्सिल. एका ठिकाणी उंबऱ्यात काढून ठेवलेली पोरीची स्लीपर, एकच.

इथं एक गोष्ट सांगायची राहिली, ती सांगतो. हे फोटो काढले कुणी? बापूसाहेब दिवसभर टेम्पोवर. चिमाबाईला मोबाईल कुठून धरायचा ते माहीत नाही. फोटो विजयमाला काढायची. कॅमेऱ्याचा मोबाईल मुलगा झाल्यावर घेतला. त्याचे फोटो ठेवायला, आणि मोठा झाल्यावर शिकेल म्हणून, एका हापिसातला जुना कॉम्प्युटर घेतला, तोही मुलगा झाल्यावर. पोरगी तेव्हा सहा वर्षांची होती. सहा वर्षं ती जन्माला येऊन घरात वावरत होती आणि मोबाईल घ्यावा असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. लोक म्हणतील, परिस्थिती नव्हती. परिस्थिती तर पोरगा झाल्यावरही तीच होती.

हे विजयमालाला आत्ता कळलं असं नाही. कळलेलं होतंच. पण साडेनऊ हजारातून एकेक दाबत कळणं वेगळं.

पाचव्या दिवशी, शेवटाकडं एक चित्र आलं. सहा महिन्यांचा उदय, काजळाची तीट, समोर बघून हसतोय. मागं सगळी चादर, मोराच्या नक्षीची, घरोघर असते ती. पोर बसत नाही अशा वयात बसलेला फोटो कसा काढायचा, ते बायकांना माहीत असतं. मोठ्या पोराला पलंगावर बसवायचं, त्याच्या डोक्यावरून चादर टाकायची, आणि खालून हात बाहेर काढून बाळाला बगलेत धरायला लावायचं. फोटोत चादर दिसते आणि चादरीपुढं बाळ राजासारखं बसलेलं.

उदयच्या दोन्ही बगलांत दोन हात होते. सहा वर्षांच्या पोरीचे, बारीक, नखांत माती. उजव्या मनगटाला काळ्या लोकरीचा दोरा. बाळ पडू नये म्हणून बोटं इतकी दाबून धरलेली की पेरं पांढरी पडलेली.

"हे तर पुरं आलंय," शिवयोगी म्हणाला. "आणि हा त्याच दिवसाचा व्हिडिओ दिसतोय. नऊ सेकंदांचा. लावू?"

त्यानं लावला. तीच चादर, तेच हात, उदय पाय झाडतोय. चादर हलते. आणि विजयमालाचा आवाज आला, दहा वर्षांपूर्वीचा, हसरा, तिला स्वतःला ओळखू येईना असा.

"ए संस्कृती, डोकं खाली घे की. दिसतीयास."

चादरीच्या आतून पोरीचा आवाज, गुदमरल्यासारखा. "आता न्हाय ना दिसत मी, आई?"

"न्हाय. तशीच थांब."

व्हिडिओ संपला.

दुकानात पंखा फिरत होता. खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षावाल्याला "काय बे, दिसत नाही का" म्हणून शिव्या देत होतं.

"परत लावू?" शिवयोगीनं हळू विचारलं.

"नगं."

"अजून तीस करडी राहिलीत. मी बघतो अजून..."

"नगं," विजयमाला म्हणाली. "त्याच्यात न्हाय ती. मी काढलाच न्हाय तिचा फोटू. तुमी कुठनं देणार?"

शिवयोगीनं पेन ड्राईव्ह भरून दिला. डिस्कवर चिकटवलेला कागद काढून त्यानं हातात धरला, 'मुलगी, समोरून' लिहिलेला, आणि काय करावं न सुचून खिशात घातला.

*

बाळीवेशीत संगप्पाचा स्टुडिओ आहे. लग्नाचे अल्बम आणि गेलेल्यांचे फोटो, दोन्हीचं काम चालतं. आधार कार्डावरून चेहरा उचलून अंगावर कोट चढवणं, फेटा चढवणं, म्हातारीच्या गळ्यात नसलेले दागिने घालणं, ह्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही. विजयमालानं पेन ड्राईव्ह दिला, चित्राचा नंबर सांगितला. संगप्पानं पडद्यावर उघडलं.

"अगं बाई, काय गोड पोर! केवढा करू? फ्रेमसकट?"

"फ्रेमसकट."

"बरं. आणि हे मागचे हात काढून टाकतो. एका मिनिटाचं काम, पैसे नाही त्याचे. सगळे तेच करून घेतात." त्यानं माऊस उचलला.

"हात न्हाय काढायचे."

"ओ ताई, बरं दिसत नाही ते. बाळाच्या अंगाला चिकटल्यासारखे..."

"हात ठेवा," विजयमाला म्हणाली. "पोराला काढा."

संगप्पाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "पोराला?"

"व्हय. पोराला काढा. चादर आन्‌ हात तेवढे ठेवा."

"अय्यय्यो." त्यानं खुर्ची फिरवली. "मग राहील काय त्यात? रिकामी चादर. पोरगा... पोरगा आहे न्हवं?"

"हाय की. चौथीत हाय."

"मग जित्या पोराला फोटोतनं खोडायचं? ताई, मी मेलेल्यांचं काम करतो म्हणून सांगतो. असलं करू नये. अपशकुन असतो."

"इतकी वर्षं खोडलं ते चाललं की आमाला," विजयमाला म्हणाली. आवाज चढला नव्हता, टॉवेलाची घडी सांगावी तसं ती बोलली. "काय झालं न्हाय कुणाला. करा तुमी."

संगप्पानं तिच्याकडं बघितलं. मग पडद्याकडं वळला. उदयचं डोकं गेलं, तिथं मोराची मान आली. पोट गेलं, तिथं चादरीच्या घड्या आल्या. पाय गेले. शेवटी चादरीतून बाहेर आलेले दोन हात उरले, काहीतरी जड धरल्यासारखे, पेरं पांढरी, आणि मधे काही नाही.

"एवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच."

*

तिनं फ्रेम घरी आणली तेव्हा रविवार होता, बापूसाहेब घरी होता. चिमाबाई दारातच उठून उभी राहिली.

"सापडली व्हय गं पोर?"

विजयमालानं कागद सोडवून फ्रेम कॉटवर उभी केली. बापूसाहेब पुढं आला. त्यानं बघितलं, परत बघितलं.

"ही तर आपली जुनी चादर हाय."

"व्हय."

"हा उदयचा फोटू हुता. मोबाईलला लावला हुता मी." त्यानं बोट ठेवलं. "उदय कुठाय ह्यात?"

"उदय अंगणात हाय. सायकल चालवतोय. बगा की जाऊन."

बापूसाहेब गेला नाही. बाहेरून सायकलच्या घंटीचा आवाज येतच होता. त्याचं बोट काचेवर खाली सरकत सरकत त्या मनगटाशी आलं आणि तिथं थांबलं. तो कॉटवर बसला.

चिमाबाई फ्रेमजवळ वाकली. डोळ्याला कमी दिसतं तिला. काचेला नाक लागेपर्यंत वाकली आणि लोकरीचा दोरा बघितला. तो तिनंच वळला होता, शेवटच्या काळ्या मेंढीच्या लोकरीचा.

"तोंड?" तिनं विचारलं. "तोंड कुटं हाय?"

"न्हाय."

"माज्या पाण्यानं गेलं."

"पाण्यानं काय न्हाय गेलं, आत्याबाई. सगळं सापडलं. साडेनऊ हजार सापडले." विजयमालानं पदरानं काच पुसली. म्हातारीच्या नाकाचा ओला ठसा उठला होता. "तोंड हुतंच न्हाय त्यात. कुणी काढलंच न्हवतं. मी सुदिक."

चिमाबाई तशीच वाकून राहिली. लेकराचा फोटो टांगू नये, हे ती आता म्हणेल असं विजयमालाला वाटलं. म्हणाली तर काय बोलायचं तेही तिनं येताना रिक्षात ठरवून ठेवलं होतं.  पण म्हातारी भिंतीला हात टेकवून सरळ झाली, आत गेली आणि खंडेनवमीला धुतलेल्या हत्यारांतली हातोडी घेऊन आली. ती तिनं पोराच्या हातात दिली.

"कुटं मारू खिळा?" बापूसाहेबानं विचारलं.

विजयमालानं उदयच्या वाढदिवसाच्या फोटोशेजारची जागा दाखवली.

पहिला खिळा वाकडा झाला. प्लॅस्टरचा पापुद्रा खाली पडला. चिमाबाईनं तो पायानं भिंतीकडं सारला. दुसरा बसला. बापूसाहेबानं फ्रेम अडकवली, ती डावीकडं कलली, त्यानं सरळ केली, परत कलली.

"राहू द्या," विजयमाला म्हणाली. "भाकरी टाकते."

उंबऱ्याशी सायकल टेकवल्याचा आवाज आला. उदय घामेजलेला आत आला आणि भिंतीकडं बघून थांबला.

"हे काय लावलंय?" तो म्हणाला. "कुणाचे हात हे?"

विजयमालानं परातीत पीठ घेतलं. मीठ टाकलं, पाणी टाकलं. घरात तिघं मोठी माणसं होती. आजी बापाकडं बघत होती, बाप हातातल्या हातोडीकडं.

"तुला धरणारे," विजयमाला म्हणाली. "बस. जेवताना सांगते."